ताईचा लांब सूर

माझ्या थोरल्या लेकीने दुसरं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. नवा जावई ध्वनियंत्रांचा इंजिनिअर. पहिल्यांदा सासुरवाडीला येताना माणूस फळं आणतो, याने एक डबा आणला.

मी तेव्हा सभागृहातले माइक आणि स्पीकर सांभाळायचो. सभागृह बसकं, स्पीकर अगदी माइकच्या उशाशी. आवाज जरा चढवला की स्पीकरमधला आवाज परत माइकात शिरायचा, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि शिट्टी सुरू. माझा हात सदा बटणावर. घरी जेवतानासुद्धा बोटं ताटाच्या कडेवर फिरत राहायची. बायको म्हणायची, "ताटाचा आवाज कमी करताय का?"

"मामा," जावई म्हणाला, "स्पीकरमधून काय गेलं ते या डब्याला ठाऊक असतं. त्यातलं खोलीत फिरून माइकात किती परत येतं ते तो शिकतो, आणि तेवढंच वजा करतो. माणसं हलली, दार उघडलं, की नव्याने शिकतो."

"म्हणजे तुमच्यापेक्षा शहाणा म्हणायचा."

लेकीने माझ्याकडे डोळे वटारले.

पण मला डबा हवाच होता. माझी ताई गायची, आणि वयाने तिचा आवाज बारीक झाला होता. मागच्या बाकापर्यंत पोचवायचा तर आवाज चढवणं भाग, आणि चढवला की शिट्टी. शिवाय या वेळच्या कार्यक्रमाला मागच्या बाकापाशी आई बसणार होती. दार तिथे, तिची चाकाची खुर्ची तिथेच मावायची. आई ताईच्या गाण्याला उभ्या जन्मात आली नव्हती. चारचौघांत गळा काढणं तिला पसंत नव्हतं. आता आपणहून म्हणाली, "मला ने एकदा." ताईचं गाणं एका लांब सुरावर संपायचं. तो सूर आईचाच. कपडे पिळताना ती लावायची. आईने तो ऐकावा, एवढंच ताईला हवं होतं.

तालमीला डब्याने कमाल केली. आवाज चढला, शिट्टी नाही. मग ताईने शेवटचा सूर धरला, आणि तो थरथरायला लागला, पाण्यात बुडाल्यासारखा खाली गेला. ताई थांबली, माझ्याकडे वळली.

"बारक्या, माझा गळा गेला का रे?"

"गळ्याचं काही नाही, आत्या," जावईच घाईने म्हणाला. "शिट्टीही अशीच एकसारखी लांब असते. डब्याला वाटलं, हा परत आलेलाच आवाज आहे. त्याने वजा करायला घेतला."

"माझा सूर आणि शिट्टी सारखीच होय? बरा जावई शोधलास रे."

त्याने उपाय काढला. सुरुवातीची भाषणं चालतील तेवढ्यात डब्याला खोली शिकू द्यायची, आणि गाण्याआधी त्याचं शिकणं थांबवायचं. मात्र मध्येच दार उघडलं तर जुन्या शिकवणीचा उपयोग नाही. तेव्हा माझा हात बटणावर.

कार्यक्रमाच्या दुपारी मला एका जागी बसवेना. भाषणं संपेपर्यंत मी तीनदा तारा तपासल्या. दाराजवळ गेलो, परत आलो, आईची शाल उगाच सारखी केली.

"भुंग्यासारखा फिरू नकोस," आई म्हणाली.

जावयाने शिकणं थांबवलं. ताई गायली. शेवटच्या सुरालाच कोणीतरी दार ढकललं. शिट्टीची बारीक सुरुवात कानाला लागली, मी बटण केसभर मागे घेतलं, ती विझली. सूर सरळ गेला, लांब गेला. टाळ्या पडल्या.

ताई तडक मागे आली. "ऐकलंस, आई?"

आईने मान डोलावली. "चांगलं गायलीस. शेवटी मात्र हलला तुझा सूर."

ताईचा चेहरा उतरला. सूर हलला नव्हता, मी ऐकला होता. मी जावयाकडे पाहिलं. तो आईच्या कानाकडे बघत होता.

"आजींचं कानातलं यंत्र," तो हळूच म्हणाला. "त्यालाही शिट्टीचीच भीती. त्याच्यातही हेच शिकणं बसवलेलं असतं, आत्यांचा सूर त्यालाही शिट्टीच वाटला. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं."

"मग थांबव," ताई म्हणाली.

"ते इथे नाही होणार. दुकानात न्यावं लागेल. सोमवारी नेतो."

ताईला सोमवार मान्य नव्हता. तिने आईच्या कानातलं यंत्र काढून माझ्या हातावर ठेवलं. मुठीत ते बारीक शिट्टी घालायला लागलं, म्हणून मी त्याच्या सेलचं झाकण उघडून ते बंद केलं. ताई खाली बसली, आईच्या कानाशी तोंड नेलं आणि सूर लावला. आईने चाचपडत तिच्या गळ्यावर हात ठेवला. लोक बाकं सरकवत होते, जावई तारा गुंडाळायच्या सोडून उभा होता. ताईचा श्वास संपेपर्यंत हात तिथेच होता.

"मला एवढा लांब कधी जमला नाही," आई म्हणाली. मग म्हणाली, "कान मात्र ओला केलास माझा."

सोमवारी जावई यंत्र दुकानात घेऊन गेला. त्यातलं शिकणं बंद करून ते परत यायच्या आत, त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी आई गेली.