लाल काच गमावलेली हातबत्ती

मी एक जुनी हातबत्ती आहे, मित्रांनो. हे सांगितलं तरी आज कुणाचा विश्वास बसत नाही, कारण मी नव्यासारखी चकाकते. या चकाकीनेच माझा घात केला. पण ती एकटी दोषी नव्हती, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

माझं अंग पत्र्याचं, टोपी आणि बूड पितळेचं. पुढे जाड भिंग. पोटात रॉकेलची टाकी, वात आणि वातीभोवती फिरणारी चौकट. त्या चौकटीत दोन काचा होत्या, एक हिरवी आणि एक लाल. टोपी फिरवली की हवी ती काच वातीसमोर यायची. हिरवी म्हणजे चला, लाल म्हणजे थांबा. दोन्ही बाजूला सारल्या की नुसता पांढरा उजेड, पायाखालची वाट बघायला. माझ्या लाल काचेचा एक कोपरा पहिल्यापासून टवका उडालेला होता. तो कोपरा तेवढा लक्षात ठेवा.

कारखान्यातून निघाले ती थेट घाटात आले, औंढ्याच्या निवृत्ती गँगमनच्या हातात. आज सगळा गाव त्यांना आबा म्हणतो, मीही तसंच म्हणते. पावसाळ्यात लोणावळ्याखालच्या घाटात रुळांवरून चालत जायचं, दरड पडलीय का बघायचं, हे त्यांचं काम. आमच्या गँगमध्ये बत्त्या पुष्कळ होत्या, म्हणून अदलाबदल होऊ नये यासाठी आबांनी माझ्या डाव्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने सतरा हा आकडा काढला. त्यांना चित्रकला येत नव्हती. साताचं पोट जरा जास्तच फुगलं होतं. रोज कामावर निघण्याआधी ते माझं दार उघडून दोन्ही काचा चिंधीने पुसायचे. तुटका कोपरा आला की अंगठा जपून फिरवायचे.

एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की आबांना स्वतःचे बूट दिसत नव्हते. बोगद्याच्या तोंडाशी बैलाएवढा धोंडा रुळावर येऊन पडला होता आणि खालून मालगाडी चढत होती. आबांनी माझी टोपी फिरवली, मला उंच धरलं आणि गाडीच्या दिशेने धावत सुटले. गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने आधी धोंडा बघितला, मग मला बघितलं. "सतरा नंबर," एवढंच म्हणाला आणि आपल्या थर्मासमधला चहा आबांना दिला. माझ्या आयुष्यात झालेलं कौतुक ते एवढंच. मला ते पुरलं.

पुढे बॅटरीचे दिवे आले आणि आम्ही सगळ्या भंगारात निघालो. आबांनी भंगारवाल्याकडे जाऊन माझी आकडा असलेली बाजू शोधली आणि मला वजनावर विकत घेऊन घरी आणलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी खिडकीच्या कोनाड्यात काजळीसकट बसून होते. काम नव्हतं, पण अपमानही नव्हता.

मग आबांच्या डोळ्यांत काचबिंदू वाढला. आता त्यांना उजेड आणि अंधार कळतो, रंग कळत नाही. एक दिवस ते सुनेला म्हणाले, "यशोधरा, माझ्यामागं हिला कुनी बी मोडीत घालंल. त्यापेक्षा कुना जानत्याच्या घरी जाऊ दे."

यशोधरा कुसगावच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करते. उरलेल्या वेळात ती विक्रीच्या एका वेबसाइटवर छोटं दुकान मांडून गावातल्या जुन्या वस्तू विकायची. पितळी डबे, दौती, बंद पडलेले रेडिओ. तिची एक खोड होती, ती वस्तूचे दोष आधी लिहायची आणि गुण मागाहून. माझ्याबद्दल तिने लिहिलं, 'पत्र्याला दोन पोचे. दाराची बिजागरी सैल. टोपीवर काजळी. डावीकडे पांढऱ्या रंगात सतरा. दोन्ही काचा मूळच्या.' बाहेरून सहा फोटो काढले. दार उघडून काचांचा एकही काढला नाही, त्यामुळे लाल काचेचा तुटका कोपरा यादीत आलाच नाही.

मुंबईच्या अमृत नावाच्या गृहस्थाने मला घेतलं. आणि मित्रांनो, इथे आमच्या घराची चूक झाली.

यशोधरा कामावर होती. तिच्या सासूबाईंनी, चिमाबाईंनी, मला अंगणात नेलं. "परक्याच्या घरी अशी काळी पाठवायची व्हय? लोक काय म्हनतील!" असं म्हणत त्यांनी चिंच आणि चुलीतली राख घेतली आणि नारळाच्या शेंडीने मला घासायला बसल्या. लेकीला न्हाऊ घालावं तसं मला घासलं. काजळी गेली. आबांचा सतराही गेला. मग मला खोक्यात ठेवून, भोवती आपल्या जुन्या लुगड्याचे तुकडे कोंबून त्यांनी खोकं चिकटपट्टीने बंद केलं. संध्याकाळी यशोधरा घाईने आली आणि खोकं न उघडता कुरियरवाल्याला देऊन आली.

अमृतच्या कपाटात माझ्यासारख्या सात-आठ बत्त्या रांगेत होत्या. त्याने मला बाहेर काढलं, फोटोशी ताडून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. त्याचा पहिला राग खरा होता, हे मी कबूल करते. जुन्या वस्तूंचा नाद असलेल्यांना काजळी आणि आकडा हवा असतो. फोटोत दोन्ही होतं, हातात एकही नव्हतं. त्याने वेबसाइटकडे तक्रार लिहिली की फोटो एकीचा दाखवला आणि नवी बनवलेली बत्ती पाठवली.

ती तक्रार यशोधराने जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तिथल्या तिथे उत्तर पाठवलं, 'वस्तू तीच आहे. आम्ही तिला हातही लावलेला नाही. आमच्या घरात खोटं चालत नाही.'

संध्याकाळी तिने घरी हे सांगितलं, तेव्हा चिमाबाई चुलीपुढून उठल्या आणि अगदी सरळ म्हणाल्या, "आगं, हात कसा न्हाई लावला? मीच घासली की. कशी लख निघाली हुती!"

यशोधराने फोन हातात घेतला. तिला गप्पच राहता आलं असतं. पण तिने पुन्हा लिहिलं की माझं आधीचं उत्तर चुकलं, सासूबाईंनी बत्ती घासली होती, ते मला माहीत नव्हतं, वस्तू परत पाठवा, सगळे पैसे परत मिळतील. घासताना झालेली चूक तिने पदरात घेतली. मला तिचा अभिमान वाटला. तो फार दिवस टिकला नाही.

कारण परतीची परवानगी मिळाल्यावर अमृतने मला टेबलावर घेतलं. त्याच्या कपाटातल्या एका बत्तीची लाल काच फुटलेली होती. त्याने माझं दार उघडलं, चौकटीचे काच धरून ठेवणारे कान वाकवले आणि माझी लाल काच काढून तिला बसवली. माझ्या रिकाम्या जागी फाईलच्या लाल प्लास्टिक कव्हराचा तुकडा कापून सरकवला. नंतर मला त्याच लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलं आणि परत धाडून दिलं. ज्याने आम्हाला खोटं ठरवलं त्याने हे केलं, मित्रांनो, आणि हात धुऊन जेवायला बसला.

घरी खोकं उघडलं तेव्हा यशोधराने सुरुवातीपासून व्हिडिओ काढला. एवढं शहाणपण आता आलं होतं. आबांनी मला मांडीवर घेतलं, सवयीने दार उघडलं आणि अंगठा आत घातला. हिरवीवरून फिरला. लालवर आला आणि थबकला.

"माझा कोपरा कुटं हाय?" ते म्हणाले. "यशोधरा, ही काच न्हाई."

"प्लास्टिक आहे, आबा."

यशोधराने तक्रार केली, व्हिडिओ जोडला. दोन दिवसांनी वेबसाइटवाल्यांचं उत्तर आलं. 'विक्रीपूर्वी लाल काच असल्याचा फोटो आपण दिलेला नाही. तसेच वस्तूला हात लावला नाही, हे आपले पहिले विधान आपणच मागे घेतले आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे.' त्या लोकांनी मला कधी पाहिलं नव्हतं. ती बाई एकदा नकळत चुकली आणि ते स्वतःहून कबूल केलं, म्हणून तिचं दुसरं खरं बोलणं खोटं धरलं. तिच्या दुकानाच्या नावापुढे आता कायमचा शेरा आहे, 'वस्तू वर्णनाशी जुळत नाही.' दोष आधी लिहिणाऱ्या बाईच्या नावापुढे! मला याची चीड येते आणि ती लपवायची माझी इच्छा नाही. तिने दुकानातल्या सगळ्या वस्तू काढून टाकल्या.

चिमाबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "माझ्या हातानं समदं झालं," एवढंच म्हणायच्या. शेवटी आबा म्हणाले, "काजळी तू काढली. काच त्यानं काढली. दोनी एका मापात घालू नगंस."

मग त्यांनी माझ्यात रॉकेल घालायला लावलं आणि वात पेटवली. टोपी फिरवून मला लालवर आणलं. वातीच्या धगीने प्लास्टिक आकसलं, गुंडाळलं आणि गळून खाली पडलं. लाल दाखवायच्या जागी मी पांढरा उजेड दाखवत बसले. माझ्या उभ्या जन्मात अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

आबा त्या उजेडाकडे तोंड करून बसले होते. "लाल दिसतंय का गं?" त्यांनी विचारलं.

चिमाबाईंनी सुनेकडे बघितलं. आमच्या घरात खोटं चालत नाही, असं लिहिणारी यशोधरा म्हणाली, "हो आबा. लाल दिसतंय."

जळक्या प्लास्टिकचा वास घरभर पसरला होता. तो घ्यायला डोळे लागत नाहीत. आबा "बरं" म्हणाले आणि त्यांनी वात खाली केली.

मित्रांनो, जुनी वस्तू दुसऱ्याला द्यायची असेल तर ती घासण्याआधी विचारा. तिचे फोटो आतूनबाहेरून काढा, खोकं स्वतः भरा, आणि कुणी बोट दाखवलं तर उत्तर देण्याआधी घरात चौकशी करा. आणि वस्तू घेणारे तुम्ही असाल, तर तक्रार खुशाल करा, पण परत पाठवताना ती जशी आली तशी पाठवा. पुढे धोका असला की थांबा म्हणायचं, एवढंच काम मी जन्मभर केलं. ते आता मला उजेडाने करता येत नाही, म्हणून तोंडाने सांगते आहे.