दाराजवळचं पोतं

जिंकायची चटक लागली की माणसाला देव कमी पडतात, बघा. मग तो दिसेल त्या दगडाला शेंदूर फासतो. उदगीरच्या अलीकडच्या त्या गावानं तर शिवकांतालाच फासला. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाच्या ताटाजवळ जिला कुणी फिरकू देत नव्हतं, तिलाच.

झालं असं. गावचा विरूपाक्ष लातूरला क्लासमध्ये भूगोल शिकवायचा. तो टीव्हीवरच्या 'हुशार कोण' कार्यक्रमात गेला. जो जिंकेल त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला बसायचं, असा तिथला नियम. गावात सगळ्यात मोठा टीव्ही शिवकांताच्या जावेच्या, म्हणजे सिद्धम्माच्या घरी. तिची सून शिल्पा हिच्या मुखेडच्या माहेरानं तो लग्नात दिलेला. पहिल्या संध्याकाळी तिथं अर्धं गाव जमलं. विरूपाक्ष मागं पडला होता, सगळ्यांची तोंडं उतरली होती. तेवढ्यात त्याच घरात राहणारी शिवकांता स्वयंपाक उरकून आली आणि आतल्या दाराजवळ पोत्याची घडी टाकून बसली. बसली आणि पोरगं धडाधड उत्तरं द्यायला लागलं.

हे टिपलं भुजंगनं. एसटी स्टँडसमोर त्याचं हॉटेल, गावातला पहिला चहा त्याचा आणि पहिली अफवाही त्याचीच. दुसऱ्या दिवशी शिवकांताला यायला उशीर झाला, विरूपाक्षाचा एक प्रश्न चुकला, आणि भुजंग थेट चुलीपर्यंत गेला. "काकू, भाकरी ऱ्हाऊ द्या. तुमी आधी पोत्यावर बसा," म्हणाला. ती बसली, विरूपाक्ष जिंकला. झालं की मग! रोज तेच पोतं, तेच निळं लुगडं, डावा पाय उंबऱ्याच्या आत, उजवा बाहेर. खोकला आला तरी तोंडात पदर कोंबायचा, पण हलायचं नाही.

आणि शिवकांताला ते आवडत होतं, खोटं कशाला बोला! याच घरात सिद्धम्मानं तिला वर्षानुवर्षं पांढऱ्या पायाची म्हणून हिणवलं होतं. लग्नकार्य निघालं की तिला मागच्या खोलीत बसवायची, म्हणायची, "तू भांडी बघ." आता भुजंग स्वतःच्या हातानं तिला चहा आणून द्यायचा, बाया तिच्या पायाला हात लावून वर तोंड करून टीव्ही बघायच्या, आणि सिद्धम्माच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. कानामागून आली अन् तिखट झाली, असं ती शेजारणीला ऐकवायची. शिवकांता ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि आतून गार व्हायची.

एका माणसाला मात्र शिवकांता आधीपासूनच चांगली वाटत होती. ती शिल्पा. नवी नवरी म्हणून उंबरा ओलांडून आली तेव्हा सासू डोळे वटारत असताना पोरीनं मागच्या खोलीत जाऊन विधवा चुलत सासूच्या पायावर डोकं ठेवलं होतं. आता तिला पाचवा महिना लागला होता. तरी संध्याकाळी शिवकांताचे गुडघे तीच तेलानं चोळून द्यायची.

विरूपाक्ष जिंकतच गेला. एका रविवारी, कार्यक्रमाला सुट्टी असायची त्या दिवशी, तो गावी आला, मिरवणूक झाली, हार झाले. संध्याकाळी तो गुपचूप शिवकांताकडं आला. परसात ती एकटीच होती.

"काकू, एक सांगतो, कुणाला सांगू नका. आधी फुटलं तर माझं बक्षीस अडकतंय," तो म्हणाला. "हे जे रोज बघून राहिलेत ना सगळे, ते कवाच खेळून झालंय. दोन महिने झाले. मी येत्या शुक्रवारी हरतोय."

शिवकांताला आधी कळेचना. मग कळलं, आणि पहिल्यांदा वाईट वाटलं ते तो हरल्याचं नाही. पोत्यावर बसून आपण काहीच केलं नव्हतं, त्याचं वाटलं.

"लोक तुमच्या नावानं बोंबलतील म्हणून सांगितलं," विरूपाक्ष म्हणाला. "शुक्रवारी दवाखान्याचं निमित्त काढा, उदगीरला जावा. वाचाल."

पोरगं भलं होतं. पण भल्या माणसानं दिलेली काठी कुणाच्या पाठीत बसेल हे त्या भल्या माणसाला कुठं माहीत असतं! शिवकांता उदगीरला गेली नाही. ती चार दिवस गप्प राहिली, आणि शुक्रवारी संध्याकाळी घर भरल्यावर गुडघा धरून उभी राहिली.

"आज माझ्यानं बसवत न्हाई. सिद्धम्माला बसवा," ती म्हणाली. "टीव्ही तिचा, घर तिचं. कुंकवाची बाई हाय, तिचा पायगुण माझ्यापरीस मोठा."

भुजंग कुरकुरला. "चालत्या गाडीची खीळ कशाला काढता, काकू?"

पण सिद्धम्मा केव्हाच पुढं सरकली होती. एवढे दिवस तिला तेच तर हवं होतं. पदर सावरून ती पोत्याजवळ आली, सगळे आपल्याकडं बघतायत हे तिनं नीट पाहून घेतलं, आणि मोठेपणाची तिला अशी काही उबळ आली की बसता बसता थांबली.

"मी कशाला? माझ्या घरात लक्ष्मी आलीया की," ती म्हणाली. "दोन जिवांची हाय. शिल्पा, ये. बस हितं."

शिल्पा लाजली आणि पोत्यावर बसली. डावा पाय आत, उजवा बाहेर, शिवकांताकडं बघून तिनं बरोबर तसेच ठेवले.

शिवकांता पुढं झाली. "ऱ्हाऊ दे, मीच बसते," ती कशीबशी म्हणाली.

"आता कसा गं गुडघा बरा झाला?" सिद्धम्मा फणकारली. "माझ्या सुनेला मान मिळाला तर पोटात दुखलं का?"

लोक हसले. बोलायला अजून वेळ होता. खरं सांगून टाकलं असतं तर? तर विरूपाक्षाचं बक्षीस अडकलं असतं, असं शिवकांतानं स्वतःला बजावलं. पण खरं कारण ते नव्हतं. हिला ठाऊक होतं आणि तरी हिनं जावेला पुढं ढकललं, हे गावाला कळलं असतं. कार्यक्रम सुरू झाला आणि ती मूग गिळून बसली.

शेवटचा प्रश्न आला. मांजरा नदी शेवटी कोणत्या नदीला मिळते? घरातली शेंबडी पोरंसुद्धा गोदावरी, गोदावरी म्हणून ओरडली. भूगोलाच्या मास्तरानं घाम पुसला आणि म्हणाला, "भीमा."

हरणं गावानं एकवेळ पचवलं असतं, पण मांजराकाठचा पोरगा मांजरेवर अडावा? कुणाचा तरी पाय आडवा आल्याशिवाय हे होत नाही, यावर एकाचंही दुमत झालं नाही. सगळे पोत्याकडं बघायला लागले.

पहिलं तोंड सिद्धम्मानंच उघडलं. शिल्पाला आपणच बसवलं हे लोकांच्या ध्यानात यायच्या आत उघडलं. "लगीन झाल्यापासून बघून राहिले मी. आली अन् बैल मेला. मग मोटर जळाली. आता हे," ती म्हणाली. शिल्पानं नवऱ्याकडं, रामलिंगकडं पाहिलं. रामलिंग रिमोट घेऊन आवाज कमी करत बसला.

भुजंग उठता उठता शिवकांतापाशी थांबला. "काकू, तुमी उठायला नको होतं. सगळं तुमच्यामुळं चाललं होतं," तो म्हणाला.

बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार! आठवडाभरात पाणवठ्यावर बाया शिल्पाला बाजूला सरकून वाट द्यायला लागल्या. पोटातलंच वाईट असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि ते घरापर्यंत आलं. बाळंतपण अजून लांब होतं, तरी सिद्धम्मानं तिची मुखेडला रवानगी ठरवली. परत कधी आणायची, ते कुणी बोललं नाही. टीव्ही मात्र ठेवून घेतला.

निघताना जीप दारात उभी होती. शिल्पा मागच्या खोलीत आली आणि वाकायला होईना तरी वाकली.

"माझंच चुकलं, काकू. तुमची जागा मी घ्यायला नको होती," ती म्हणाली. रडत नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं.

शिवकांतानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तुला काय माहीत," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

पुढच्या रविवारी शाळेच्या पटांगणात विरूपाक्षाचा सत्कार झाला. हरला तरी नाव काढलं होतं ना त्यानं. ओवाळायला कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा खुद्द सिद्धम्मानं ताट शिवकांताच्या हातात दिलं. "हिचाच हात चांगला," म्हणाली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच शिवकांताच्या हातात कुंकवाचं ताट आलं. तिनं विरूपाक्षाच्या कपाळाला बोट लावलं.

तो खाली वाकला आणि त्यानं हळूच विचारलं, "त्या दिवशी पोत्यावर बसला न्हाईत ना, काकू? वाचलात ना?"

"हाव, वाचले," शिवकांता म्हणाली, आणि ताट ओवाळत राहिली.