कर्त्याचा रकाना

दौंडच्या शिबिरात हरिनाम सप्ताह समितीतर्फे मी नावनोंदणीला बसलो होतो. लहान मुलांच्या हृदयाची तपासणी. पुण्याचे डॉक्टर यादीतलीच मुलं बघणार, आणि यादी बाराला बंद. पावणेबारा झाले होते.

समोर कुशाबाई, कडेवर दोन वर्षांची नात मोनिका. रडली की पोरीचे ओठ निळे पडायचे.

"दादा, सकाळीच नाव दिलं की म्या. यादीत कसं न्हाई?"

पुन्हा भरायला गेलो तर लॅपटॉपच्या पडद्यावर आलं, या आधार क्रमांकाची नोंद आधीच आहे.

शिबिराचा प्रोग्राम लिहिणारी तळेगाव ढमढेऱ्याची सुमैया शेजारीच होती. तिनं आत शोधलं. "मारुतकाका, पोरीची नोंद आहे, पण तिला कुटुंबच नाही. कर्त्याचा रकाना सोडला होता?"

सोडला होता. सकाळी मी विचारलं, "मालकांचं नाव सांगा." कुशाबाईंनी पदर तोंडाला लावला. मालकाचं नाव त्या घेत नाहीत. पोरीचे आईबाप मेंढरांमागं, फोन लागेना. नंतर बघू म्हणून मी पोरीची माहिती भरून टाकली.

"कुटुंब सेव्हच झालं नाही, त्याला नंबर नाही. यादी कुटुंबावरून निघते, मग पोर कुणाखाली लागणार?" सुमैया म्हणाली. "मीच हे अडवायला हवं होतं."

"म्हंजी कीर्तनाला बुवा उभेच न्हाईत, आन् टाळकरी मागं टाळ वाजवत्यात," मी म्हणालो.

ती हसली नाही. पोरीची सुटी पडलेली नोंद तिनं पुसली, प्रोग्राममध्ये चार ओळी बदलल्या. "आता कुटुंब आणि माणसं एकदमच सेव्ह होतील. कुटुंबाला नंबर मिळेल, तोच खाली पोरीला लागेल. एक जरी अडलं तरी काहीच होणार नाही. बोला, कर्ता कोण?"

सात मिनिटं उरली. मोनिका किरकिरायला लागली. कुशाबाईंचे ओठ हलले, आवाज फुटेना.

"आजी," सुमैयानं हळूच विचारलं, "रेशनकार्डावर पहिलं नाव कुणाचं?"

"माझंच हाय की. नव्या कार्डावर बाईचंच घालत्यात."

मला मान वर करवेना. सकाळपासून हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.

वर कुशाबाई लिहिलं, खाली मोनिका. बटण दाबलं. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. मनात विठ्ठलाचं नाव चाललं होतं.

एक्केचाळीस नंबर पडला. त्याखाली नात.

"मोनिकाला आत आणा," दारातून नर्स म्हणाली.

कुशाबाई निघाल्या, दारापाशी थांबल्या. "दादा, कर्ती मी, हे आमच्या मालकाला सांगू नका."