गरुडाची शिस्त

आमच्या प्राणिसंग्रहालयात गरुड माझ्याकडे आणि मगर दादाकडे. दोघांत जास्त घातकी कोण, यावर आम्ही भावंडं जेवताना भांडतो आणि आपापलं घोडं पुढे दामटतो. माझ्या गरुडाला तो कोंबडीच म्हणतो.

"तुझी कोंबडी सवयीनं ताब्यात राहते गं," तो म्हणायचा. "मगरीला सवय लागली की माणूस जातो."

मला हे कधीच पटलं नाही. गरुडाला तीच वेळ, तीच बैठक, तोच हातमोजा लागतो. एक गोष्ट बदलली तर तो मांसाला चोच लावत नाही. वहिनीच्या ऑपरेशनसाठी दादा महिनाभर रजेवर गेला आणि मगरीचं खाणंही माझ्याकडे आलं. आठवड्यातून दोनदा घालायचं आणि जागा दर वेळी बदलायची, असं त्यानं बजावलं होतं. मी मात्र दर वेळी अकरा वाजता तळ्याच्या शेवटच्या पायरीवर बादली आपटायची आणि तिथेच मांस टाकायची. तिसऱ्या आठवड्यात बादली वाजताच ती समोरच्या काठावरून पाण्यात उतरली. मी हरखून गेले.

काल दादा कामावर आला. "जागा बदलत होतीस ना?"

"हो," मी म्हटलं. खरं काय ते जेवताना सगळ्यांदेखत सांगून मला त्याची जिरवायची होती.

अकराच्या सुमाराला मी जाळीबाहेर उभी होते. मगर पलीकडच्या काठावर ऊन खात पडली होती. दादानं तिला नीट पाहिलं आणि मगच तो गाळ काढायला आत शिरला. शेवटच्या पायरीशी वाकताना त्यानं बादली खाली ठेवली. ती वाजली.

पलीकडचा काठ रिकामा झाला. पाण्यावर लाटही उठली नाही.

"दादा, वर ये."

"कशाला? ती पलीकडे आहे." त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

वहिनीचा फोन आलाय, असं सांगावंसं वाटलं. लाज वाटते, पण तेव्हाही मी सबबच शोधत होते.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. "महिनाभर तिथेच खायला घातलंय. बादली वाजवून."

बादली तिथेच टाकून तो चार हातापायांवर पायऱ्या चढला. पाणी फुटलं, जबडा बादलीवर मिटला आणि पत्रा चेपत ती बादलीसकट खाली गेली.

बाहेर येऊन दादानं कडी लावली. ती दोनदा निसटली.

"का गं?"

"तुला हरवायचं होतं."

तो तळ्याकडे वळला. मग म्हणाला, "आजवर तू हो म्हणालीस की मी डोळे मिटून आत जायचो."

मला रडू आलं. त्यानं गप्प हो म्हटलं नाही, आणि तो जवळही आला नाही.