तीन महिन्यांचे वीस हजार भाग

जोहे येथील आम्हां मूर्तिकारांची एक कंपनी आहे. मी तिचा भागधारक असून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तथापि ऋतुजाताईंच्या बुद्धीचे जे दर्शन मला घडले, ते लिहून ठेवणे मी कर्तव्य समजतो.

विसर्जनानंतर रिकाम्या झालेल्या शेडमध्ये वार्षिक सभा भरली होती. माझ्या भावजय हौसावहिनी शेजारीच बसल्या होत्या. भाऊ निवर्तल्यावर त्यांनी सारी पुंजी कंपनीच्या भागांत घातली होती. ते भाग त्या दिवशी एका व्यापाऱ्यास विकण्याचे त्यांनी जवळजवळ निश्चित केले होते, कारण आमच्यातील जितेशने सकाळीच मोबाइलवर भागाकार करून दाखविला होता.

"नफा पाच लाख चाळीस हजार, भाग साठ हजार. भागाला नऊ रुपये कमाई. गेल्या साली अकरा व्हती. गिऱ्हाईक हाय तवर विका, काकी."

मात्र कंपनीचा हिशोब पाहणाऱ्या, रोह्याजवळच्या वरसे गावच्या ऋतुजाताईंनी सभेत प्रतिभाग कमाई बारा रुपये वाचली.

"मॅडम, रोह्याचा कॅल्क्युलेटर येगळा हाय काय?" जितेश म्हणाला. सभा हसली.

ताई किंचितही रागावल्या नाहीत. त्यांनी वहिनींना विचारले, "काकू, वर्षाला एका हातामागे किती मूर्ती झाल्या ते तुम्ही काढता ना? शेवटचे तीनच महिने आलेला रंगारी त्यात कसा धरता?"

"पाव हात धरतो गो. नऊ महिने तो नव्हताच, मंग पुरा कसा धरायचा?"

"नवे वीस हजार भाग आपण जानेवारीत काढले. मार्चअखेर वर्ष संपले. नव्या शेडमध्ये घातलेला त्यांचा पैसा तीनच महिने कामाला होता."

वहिनींनी बोटांवर मोजले. "म्हंजी वीसाचे पाचच हजार!"

"आणि जुने चाळीस हजार पुरे."

जितेशने मोबाइल काढला, पंचेचाळीस हजारांनी भागले, बारा आले, आणि त्याने मोबाइल खिशात ठेवला.

टाळ्या पडल्या. पण ताईंनी हात वर केला. "पुढल्या वर्षी साठही हजार पुरे धरावे लागतील. नफा एवढाच राहिला, तर नऊच येतील."

हे त्यांना कोणी विचारले नव्हते. मूर्तीचा डोळा आखताना कुंचला केसभर सरकला तरी दृष्टी फिरते. आकड्यांना तितक्याच जिवापाड जपणारी व्यक्ती मी प्रथमच पाहिली.

"नवी शेड आता बारा महिने चालंल ना?" वहिनींनी विचारले.

"चालेल. पण मूर्ती तुम्हालाच कराव्या लागतील."

"त्या करू. जितेश, तुझ्या यापाऱ्याला सांग, मी नाय विकीत." मग त्या ताईंकडे वळल्या. "आन पोरी, पुढल्या साली नऊ आले, तर नऊच वाच हां."

"व्हय, काकू," ताई म्हणाल्या.