बांधावरून दक्षिणेकडे

"विमानाने जा ना, आई," येल्त्ये म्हणाली. "दुपारी स्पेनमध्ये. हॉटेलात नाश्ता आयता."

"आणि पंधरा दिवसांनी परत या अंधारात?" विट्स्केने नकाशावरून मानसुद्धा वर केली नाही. ती मुक्कामांच्या गावांवर पेन्सिलीने खुणा करत होती.

सगळा प्रश्न अंधाराचाच होता. तिच्या नवऱ्याच्या, डाउवेच्या, डोळ्यांतल्या पडद्यांचा मधला भाग निकामी होत चालला होता. नेदरलँड्सच्या उत्तरेला, त्यांच्या फ्रीसलँडच्या हिवाळ्यात दुपारीच दिवेलागण होते. त्या करड्या उजेडात त्याला बायको आणि कोटाची खुंटी यांतला फरक कळेना. पण गेल्या मार्चमध्ये, स्पेनच्या कडक उन्हात, तो तिच्याकडे बघून अचानक म्हणाला होता, "केस कापलेस की काय?" पुढच्या वर्षी एवढंही दिसेल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. म्हणून तिला हा हिवाळा हवा होता. तुकडा नको, अख्खा.

अडचण एकच होती. स्पेनला न्यायची कॅरॅव्हान, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, आजवर दर हिवाळ्यात डाउवेनेच ओढली होती. तिथल्या कॅम्पवरचा रिवाजच तसा: पुरुष गाडी मागे घेणार, बायका मागे उभ्या राहून हात हलवणार. विट्स्केने रोजची गाडी चाळीस वर्षं चालवली होती, पण मागे घर जोडून एकदाही नाही.

"सासूबाई, ते काही बाजाराची पिशवी लावलेली सायकल नाही," जावई रिन्स हसत म्हणाला. "मी एक गिऱ्हाईक बघितलंय. शनिवारी दुपारी येतील."

"माझी कॅरॅव्हान विकायला तुला कुणी सांगितलं?"

"बाबांना विचारलं मी."

डाउवे कॉफीच्या कपाची कड चाचपत बसला होता. त्याने मान खाली घातली. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

शनिवारी सकाळी तिने एकटीने हूक जोडला, साखळी अडकवली, दिवे तपासले आणि नवऱ्याला म्हणाली, "बस. बांध पार करून परत येऊ."

"मोठा बांध? आज वारा बघितलास?"

"मला बघता येतं. तू बस."

समुद्र अडवणारा तो बांध म्हणजे सरळसोट रस्ता, दोन्हीकडे पाणी आणि आडव्या वाऱ्याला अडवायला एक झाड नाही. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग एक ट्रक शेजारून पुढे गेला, आणि कॅरॅव्हानने शेपूट हलवली. आधी जरा डावीकडे. मग उजवीकडे, आणखी जोरात. आरशात कधी खिडकी दिसे, कधी नुसतं पाणी.

"गॅस दे!" डाउवे ओरडला. "जोरात ओढ, आपोआप सरळ होते!"

अठरा हिवाळे तिने त्याचं ऐकलं होतं. पण वेगाबरोबर हेलकावा वाढतोय, हे तिला बसल्या जागी कळत होतं. तिने गॅसवरून पाय उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. हेलकाव्याच्या मागे हात फिरवले नाहीत.

"अगं गॅस!"

"गप्प बस, डाउवे!"

हेलकावे लहान होत गेले. थांबले. बांधाच्या मध्यावरच्या वाहनतळात तिने गाडी घेतली. ती उतरली, कॅरॅव्हानचं दार उघडून आत गेली आणि शेवटच्या पलंगाखालची फळी उचलली.

बटाटे. दोन पोती.

"डाउवे!"

तो दारात येऊन उभा राहिला. "तिकडचे बटाटे साबणासारखे लागतात," तो हळूच म्हणाला.

"या वर्षी बटाटे नाहीत, असं आपलं ठरलं होतं!"

"म्हणून तर मागे लपवले."

"वजन मागे गेलं की हुकावरचा भार कमी होतो. मग शेपूटच गाडीला ओढते. हे मला कुणी शिकवलं?"

"मीच." तो पायरीवर बसला. "चल घरी, विट्स्के. रिन्सचं बरोबर आहे. माझं डोकंही चालेनासं झालंय. तुला मारलं असतं मी आज."

"मारलं नाहीस. आणि घरी जायचा रस्ता बांधाच्या त्या टोकाला वळून येतो. पोतं धर."

दोघांनी पोती ओढत चाकांच्या वर, मधोमध आणली. ती पुन्हा स्टिअरिंगमागे बसली. पुढचा ट्रक शेजारून गेला तेव्हा डाउवेने दाराची मूठ घट्ट धरली, पण तोंड उघडलं नाही. कॅरॅव्हान फक्त जराशी शहारली.

दोघं अंगणात परतले तेव्हा येल्त्ये, रिन्स आणि जाड कोटातलं एक जोडपं उभं होतं.

"सरळ चालते ना?" कोटातल्या गृहस्थांनी विचारलं.

"बांधावर हलली," विट्स्के म्हणाली. "जोरात हलली."

येल्त्येचा चेहरा पांढरा पडला. "ऐकलंस? आता तरी पुरे कर, आई!"

"वजन चुकीच्या जागी होतं. ते हलवलं, मग नाही हलली. थांबवली मीच." ती पाहुण्यांकडे वळली. "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. कॉफी घ्या, पण कॅरॅव्हान विकायची नाही."

"बाबा, तुम्ही तरी बोला," रिन्स म्हणाला.

डाउवेने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "मी तिला जोरात चालव म्हणालो होतो. तिने ऐकलं नाही, म्हणून इथे उभा आहे."

रिन्सने चावीसाठी हात पुढे केला. "बरं, निदान मागे घेऊन शेडमध्ये तरी लावून देतो."

विट्स्केने चावी खिशात टाकली. "लावायचीच नाही. सोमवारी निघायचं ठरलं होतं, आता उद्याच निघतो. तुझी गाडी तेवढी फाटकातून काढ."

रिन्सने येल्त्येकडे पाहिलं. येल्त्ये नाक पुसून म्हणाली, "काढ ना रे गाडी."