वजन म्हणून बसलेले नातेवाईक

तुफान हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण बंदरावर कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्याने मागे वळूनही पाहिलं नसतं. खोल समुद्रात जाणाऱ्या होड्यांमध्ये आपली होडी सगळ्यांच्या आधी पोचावी आणि सगळ्यांच्या आधी परतावी, एवढंच त्याला हवं असायचं. आणि त्याच्या होडीची मोटार कशी, तर सुरू होताना खोकणारी आणि बंद पडताना कुणाला न सांगणारी. गेल्या हंगामात ती अशीच, किनारा दिसेनासा झाल्यावर, गप झाली. तुफान आणि त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाटांवर डुलत बसले. शेवटी दुसऱ्या एका होडीने त्यांना दोर बांधून ओढत आणलं.

त्या फजितीचा किस्सा तुफान इतका रंगवून सांगायचा की लोक मुद्दाम त्याला सांगायला लावत. धाकटा लांबच्या ढगाला जहाज समजून शर्ट कसा हलवत बसला, इथपर्यंत आला की हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची. बायको तेवढी हसायची नाही. ती उठून आत निघून जायची. हिला विनोदच कळत नाही, असं तुफानचं मत होतं. आता अशा माणसापुढे काय कपाळ फोडायचं?

जुनी मोटार भंगारात गेली आणि घरात नव्या मोटारीचा विषय निघाला. दुकानात दोन गोष्टी जमण्यासारख्या होत्या. एक तर तीनशे हॉर्सपॉवरची एकच दांडगी मोटार, नाहीतर दीडशेच्या दोन, शेजारी शेजारी. दोन घेतल्या तर इंधन जास्त, मागे वजन जास्त, देखभाल दुप्पट. तुफानचा जीव तीनशेवर जडला होता. दुकानातून फिरताना त्याने तिच्या काळ्या टोपणावरून हात फिरवला, तसा कधी स्वतःच्या पोरांच्या डोक्यावरूनही फिरवला नव्हता.

बायको म्हणाली होती, दोन घ्या. एक बंद पडली तर दुसरी घरी आणेल. तुफान म्हणाला, नवी मोटार बंद पडायला ती काय जुनी आहे? तिने पुन्हा विषय काढला नाही. एवढंच म्हणाली की घ्यायच्या आधी चालवून तरी बघा, मीही येते. तुफान खूश झाला. संसारात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं.

दुकानातला मोटारवाला म्हणाला, रिकामी होडी कुठल्याही मोटारीवर उड्या मारते, भरल्या होडीने चाचणी घ्या. घोडं तिथे अडलं. हंगाम बंद, बर्फाचा कारखाना बंद, जाळी दुरुस्तीला पसरलेली. मग धाकट्याने डोकं चालवलं आणि भरती नातेवाइकांची झाली. मामा म्हणजे बर्फ. आत्या आणि तिच्या दोन सुना म्हणजे जाळी, तुफानची पोरं म्हणजे इंधनाचे डबे. व्याही कधी नव्हे ते घरी आलेले, त्यांना मानाने मासळीच्या जागी बसवलं. मोटारवाल्याने हिशेबासाठी प्रत्येकाला वजन विचारलं. आत्याने जे सांगितलं ते बहुधा तिच्या लग्नातलं असावं, कारण ती बसली तशी होडी त्या बाजूला कलली आणि सगळ्यांनी नम्रपणे आकाशाकडे पाहिलं.

निघण्याआधी मोटारवाल्याने एक लाल दोरी दाखवली. तिचं टोक चालकाने मनगटाला बांधायचं. तो पाण्यात पडला तर दोरी खेचली जाते, चाप सुटतो आणि मोटार जागच्या जागी थांबते. तुफानने नाक मुरडलं. बंदरावर ही दोरी कुणीच बांधत नाही. बांधली तर लोक विचारतात, आईने बांधून पाठवलं का? त्याने ती तशीच लोंबत ठेवली. बायको मात्र तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती.

आणि मग ती तीनशेची मोटार सुरू झाली. काय सांगावं? एवढ्या गोतावळ्यासकट होडीने पुढचं तोंड वर उचललं आणि पाणी कापत निघाली. मामांची टोपी उडाली, व्याह्यांनी डोळे मिटून घेतले, आत्या पहिल्यांदाच गप्प बसली. मोटारवाला, जन्म मोटारी विकण्यात गेलेला, होडी लागून तळाशी आडवा झाला. तुफानला स्वर्ग दोन बोटं उरला होता. किनारा बारीक रेघ झाला, मग रेघही गेली.

तेवढ्यात मोटार बंद पडली.

सगळं एकदम शांत झालं. तुफानने चावी फिरवली, पुन्हा फिरवली. इंधनाची नळी बघितली, टोपण काढून आत डोकावला, उगाच दोनचार तारा हलवल्या. धाकटा चेहरा पाडून म्हणाला की ढग बघायला लागू का? मोटारवाल्याला उठवायला गेले तर त्याने फक्त हात हलवला आणि पुन्हा तोंड फिरवलं. लोंबत ठेवलेल्या त्या दोरीची आठवण कुणाला होणार? ती तर कुणाच्या खिजगणतीतच नव्हती. सुना रडकुंडीला आल्या. बर्फाच्या जागी बसलेल्या मामांना दरदरून घाम फुटला. आणि तुफानने, हो, तुफाननेच, होडीतली डोकी मोजली. मागच्या वेळी फक्त तो आणि भाऊ होते. आज सगळं घर होडीत होतं आणि घरी वाट बघायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा बायकोने पदराखालची मूठ उघडली. मुठीत लाल दोरी होती, चापासकट.

आत्याने तोंड उघडलं, पण बायकोचा चेहरा पाहून पुन्हा मिटलं. तुफानला खरं तर संतापायचं होतं. पण भीती अजून पुरती उतरली नव्हती. तो तिच्यासमोर फळीवर बसला आणि इतक्या दिवसांत न विचारलेलं विचारलं.

"आम्ही समुद्रात अडकलो, त्या दिवशी तू काय करत होतीस?"

"स्वयंपाक," ती म्हणाली. "केला, गार झाला, टाकला. परत केला. शेजारणी समजूत घालायला आल्या, त्यांना दारातूनच घालवलं. आत घेतलं असतं तर खरं वाटलं असतं. मला भीती वाटत होती हो. आणि तुम्ही आलात ते हसत हसत किस्सा सांगत."

तुफानने खाली मान घालून नखातलं ग्रीस काढल्यासारखं केलं.

"दोन घेऊ," तो म्हणाला. "दोन असल्या की भीती जाईल तुझी."

"जायची नाही. निम्मी होईल."

"आणि उरलेली निम्मी?"

"ती आता तुम्ही सांभाळा. आजवर सगळी मी एकटीने सांभाळली."

त्याने मान डोलावली. चाप जागेवर बसवून मोटार सुरू केली आणि तीनशे हॉर्सपॉवरची ती होडी इतक्या सावकाश किनाऱ्याकडे वळवली, की भुकेने कासावीस झालेले मामा वाटभर कुरकुरत राहिले.